लमझन्याची मुदत

“आज नको विचारू,” धनराज म्हणाला आणि त्यानं म्हशीच्या पाठीवर बादली उपडी केली.

“मंग कवा विचारू?” अतुलनं कुरकुर केली. “मोहर्लीचं सफारीचं फाटक उघडलं का जिप्सीवाले ड्रायव्हर पाहतेत. मी इथी शेण काढत राह्यलो तर दुसऱ्याले ठेवतील ना ते.”

“लटारूभाऊ येऊन राह्यले आज. त्याईच्यासमोर तू बाकीची मुदत सोडा म्हणशील, तर म्हातारा भडकंल. पळणाऱ्या लमझन्याचा या घराले जुना अनुभव आहे.”

“त्याची शिक्षा मले काऊन, मेजर?” अतुल हसला.

धनराज हसला नाही. त्यानं खराटा उचलून अतुलच्या हातात दिला.

लमझना म्हणजे लग्नाआधी मुलीच्या बापाघरी ठरलेली मुदत राबणारा उमेदवार. कुरखेड्याकडच्या या गावात ती चाल आता मागे पडली होती. पोरंपोरी मोबाइलवर जमवून मोकळी होत. पण घरचा म्हातारा पोचूबुवा जुन्या वळणाचा. या घरची लेक पाहिजे तर आधी या घरची ढोरं राखून दाखवा, हा त्याचा कायदा. मुदत भरली की गावातले जाणते लटारूभाऊ येणार, काम तपासणार आणि शेवटी लेकीला विचारणार. ती नाही म्हणाली तर केलेली सगळी मेहनत उकिरड्यावर.

आज तोच दिवस होता. अतुलनं सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शेणाचा शिंतोडा उडू नये म्हणून तो लांबूनच खराटा मारत होता. तो करिश्मासाठी इथे आला होता, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

धनराज फौजेतून हवालदार म्हणून सुटला होता. गावानं त्याला मेजर केलं, आणि ही बढती त्यानं परत केली नाही. कारगिलबद्दल कोणी विचारलं की तो खेचरांबद्दल सांगायचा. कोणतं खेचर दारूगोळा घेऊन निमूट चढायचं, कोणतं अर्ध्या वाटेत रुसून बसायचं. डाव्या पायाची लंगड तिथलीच, पण तिच्याबद्दल तो बोलत नसे.

कठाणी गाई, म्हशी, वासरं, सगळा गोठा त्याच्या हुकमात होता. त्यानं शीळ घातली की कळप वळायचा. झोपायचा तो गोठ्यालगतच्या खोलीत, आणि जेवायला बसायचा सगळ्यांच्या शेवटी. फौजी माणूस, त्यात नवल ते काय. करिश्माची आई ललिताबाई त्याचं ताट झाकून ठेवायची. भाजी बरी झाली होती का, हे मात्र ती करिश्माच्या तोंडून विचारून घ्यायची.

पावसाळ्यात नाल्याजवळ वाघानं गोऱ्हा धरला होता. अतुल जवळच्या मोहाच्या झाडावर चढला. धनराज जागचा हलला नाही. काठी आपटत, पलटणीतल्या निवडक शिव्या देत तो वाघाकडे पाहत उभा राहिला. शेवटी वाघच कंटाळून निघून गेला. अतुलच्या त्या चढाईबद्दल मेजरनं घरात चकार शब्द काढला नव्हता. ती गोष्ट आज निघाली तर आपलं कठीण आहे, हे अतुल जाणून होता.

लटारूभाऊ आले. चहा घेतला, बशी पालथी घातली आणि उठले. गव्हाणीत हात घालून पाहिला. कुंपण हलवून पाहिलं. रचलेल्या सरपणावर काठी मारली. एकही लाकूड घसरलं नाही.

“रचलं तं बरं आहे,” ते म्हणाले. “आमच्या जावयानं रचलं होतं, तं बकरी चढली अन् सगळं खाली.”

मग ते खाटेवर बसले आणि पोचूबुवाकडे वळले.

“दारू?”

“नाई.”

“उलटून बोलते का?”

“ढोराईशी बोलते. माणसाईसाठी त्याले टाइमच नाई.”

“खाते किती?”

“खाते बी लय, राबते बी लय. पाहून घ्या ना बाप्पा, सगळं समोर आहे.”

“अन् रानात?”

पोचूबुवानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. “वाघाच्या तोंडातून गोऱ्हा काढला. या खेपेले पळाला नाई.”

अतुल मान खाली घालून शर्टाचं बटन चाचपू लागला. धनराज खांबाजवळ सावधानमध्ये उभा होता. घाम मात्र त्याच्या कपाळावरून भुवईत उतरत होता.

“मंग झालं,” लटारूभाऊ म्हणाले. “आता लेकीले बलवा.”

करिश्मा दारात आली. तिनं आईला हाताला धरून बाहेर आणलं, अंगणात मधोमध उभं केलं आणि स्वतः मागे सरकली.

“ललिते,” पोचूबुवा म्हणाला, “तू कुवारी होती तवा हा धनराज तुह्यासाठी इथी लमझना राह्यला, अन् मुदत अर्धी टाकून फौजेत पळाला. तुहा नवरा गेला, तू पोरीले घेऊन माह्या घरी आली, तवा हा परत दारात उभा. उरलेली मुदत त्यानं आज पुरी केली. आता तू सांग, बाई. करशील याच्याशी लग्न?”

ललिताबाईनं धनराजकडे सरळ पाहिलं.

“मी तं तवाच हो म्हटलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “हाच ऐकाले थांबला नाई.”