मोकळं वळण

मुलगी इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर महिनाभर अबोला धरणारे बाबा हल्ली रोज संध्याकाळी तिच्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसायचे. "काय गं, कुठवर आला तुझा रस्ता?" एवढं विचारलं तरी तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग ती नव्या हायवेचं डिझाइन उघडून दाखवायची. सरळ रेषा कुठे संपते, वळण कुठे सुरू होतं, माउसनं एक बिंदू ओढला की अख्खा रस्ता कसा सरकतो.

एकदा नदीजवळच्या वळणावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे फारच आवळलंयस गं. जरा मोकळं सोड, गाड्यांना सोपं जाईल."

बाबांना वळणातलं कळायला लागलं होतं! तिनं हौसेनं त्रिज्या वाढवली. रस्ता अलगद माळावर सरकला. साहेबांनीही तोच पास केला.

आज ऑफिसात जमीनमालकांची नावं आली. तिनं ती डिझाइनवर चढवली. नव्या वळणाला चिकटून असलेला माळाचा एकूण एक तुकडा तिच्या दादाच्या नावावर निघाला. बाबांनी वळणावर बोट ठेवलं, त्याच्या आदल्याच आठवड्यात घेतलेला.

संध्याकाळी बाबा येऊन बसले. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी चष्मा सारखा करून नीट पाहिलं.

"मग काय तुझ्या नावावर घ्यायचं? लगेच संशय आला असता," म्हणत त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "बरं, पुढचं वळण दाखव."