बेटावरचा उखाणा

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका बेटावर चला. पांढरी वाळू, माडांच्या रांगा, गवती छपरांच्या देखण्या खोल्या. कुठे नवी जोडपी हातात हात घालून फिरताहेत, कुठे पोरंटोरं पाण्यात डुंबताहेत. आता तिथल्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या लताबाईकडे बघा. तिला यातलं काहीच दिसत नाही. नारळपाणी आणतो म्हणून गेलेला तिचा नवरा अजून परतला नाही, आणि परतीची शेवटची बोट भोंगा देते आहे.

ही १९९४ सालची गोष्ट. भडगावला त्यांचं खतांचं दुकान होतं. विक्री चांगली झाली म्हणून खत कंपनीने नवरा-बायको आणि लेक कुंदा अशा तिघांना इथे पाठवलं होतं. खोल्याही कंपनीच्याच नावावर होत्या, त्यामुळे काउंटरवरच्या वहीत नवऱ्याचं नाव नव्हतं.

काउंटरवरच्या माणसाने पुकारा करायला माईक पुढे केला आणि हिंदीत नवऱ्याचं नाव विचारलं.

त्या काळी आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलंच तर लग्नकार्यात, उखाण्यात. लग्नाला दहा वर्षं झाली, तरी ती ‘अहो, ऐकलं का’च्या पुढे गेली नव्हती.

“कुंदे, तुना पप्पाचं नाव सांग यास्ले,” ती लेकीला म्हणाली.

एरवी दिवसभर टकळी चालवणारी कुंदा दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. लेकरू भेदरलं, लताबाईला वाटलं. तिने कागदावर नाव लिहून दिलं. त्या माणसाने नकारार्थी मान हलवली. तो हिंदी बोलायचा, पण देवनागरी लिपी त्याला वाचता येत नव्हती.

बाहेर भरतीचं पाणी चढत होतं. पुन्हा भोंगा झाला. नवरा पाण्यात तर उतरला नसेल? पोहण्याच्या नावाने त्याचा आनंदच होता. लताबाईने डोक्यावरचा पदर सावरला, माईक दोन्ही हातांत धरला आणि साऱ्या बेटावर तिचा आवाज घुमला:

“निळ्या निळ्या समुद्रात हिरवंगार बेट,
अभिमनराव, असाल तिथून काउंटरवर या थेट!”

फिरणारी जोडपी थबकली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लताबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दाराकडे डोळे लावून होती.

एवढ्यात काउंटरमागच्या पडद्याआडून ओळखीचं हसू फुटलं. लताबाईने हातातला माईक खाली ठेवला. जीव भांड्यात पडला.

कुंदाने तोंडावरचे हात काढले, धावत जाऊन पडदा सारला आणि म्हणाली, “पप्पा, आईनी लिधं तुमनं नाव. निंघा आते बाहेर, मनं चॉकलेट द्या.”