पान लागलं

सुट्टीत आजीकडे गेलेल्या पोरीच्या फ्रॉकला बाही जोडत होते, तेवढ्यात गावाहून सासूबाईंचा व्हॉइस मेसेज आला. "चंचल, पोरीले पान लागलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो." फोन लावला, लागेना. फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली मी. वाटलं, झाडाचं पान लागून खाज सुटली असेल. चॅटबॉटला विचारलं. "साबणाने धुवा, पुरळ जाईल, घाबरू नका," त्यानं समजावलं. मी पुन्हा बाही हातात घेतली. शेजारच्या नसीमआपांना सांगितलं, तर त्यांची मशीन थांबली. "अरे अल्ला, पान म्हंजे साप! भेवानं नाव नाई घेत त्याचं!" इवलीशी बाही मुठीत घेऊनच मी चंद्रपूरची सुटलेली एसटी धरली. "काऊन वो बाई, मराचं हाय का?" कंडक्टर ओरडले. साप हा शब्द माझ्याही तोंडून फुटेना. "भाऊ, पोरीले पान लागलं." त्यांनी डबल बेल मारली. "ड्रायव्हरभाऊ, मधात थांबू नका!"