घरच्यासारखी

"ही कामगार नाही हो साहेब, लेक आहे माझी," मालकाच्या आई म्हणाल्या आणि त्यांनी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारची जेवणं उरकली होती. हॉटेलातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवून झाल्या होत्या. एकच टेबल मोकळं ठेवलं होतं, त्यावर कामगार खात्याच्या अधिकाऱ्यानं कागद पसरले होते. भिंगरी समोर उभी होती. चाळिशीच्या बाईला भिंगरी म्हणायचे ते आईंमुळे. टेबलाटेबलांमधून गरगर फिरते म्हणून त्यांनीच लाडानं ठेवलेलं नाव. आता गिऱ्हाइकंही त्याच नावानं पाणी मागत.

अधिकाऱ्यानं चष्मा वर सरकवला. "यांची तक्रार आहे की पाच महिने पगार नाही. शिवाय गिऱ्हाईक टेबलावर टीप ठेवतं, ती गल्ल्यात जाते. टीप वाढणाऱ्याची असते. मालकाला त्यात बोटसुद्धा घालता येत नाही, असा कायदा आहे."

"बोट कोण घालतंय?" मालक गल्ल्यामागून म्हणाला. "घरातले पैसे घरात राहतात. आणि हा हजेरीपट बघा ना. सहा माणसं आहेत. हिचं नाव आहे का कुठे?"

नव्हतं. अकरा वर्षांत भिंगरीनं एकदाही सही केली नव्हती. पहिल्या पगाराला तिनं पेन उचललं, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "घरच्या माणसाकडून कोणी सह्या घेतं का गं?" ते वाक्य तिनं घरी जाऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात आचारी उभा होता. अधिकाऱ्यानं त्यालाच विचारलं, "तुम्ही सांगा. या बाई इथं कोण?"

"घरच्यासारख्याच आहेत."

"घरच्या, की घरच्यासारख्या?"

"ते मला काय माहीत साहेब, मी मीठ बघतो," असं म्हणून आचारी आत गेला. अर्ज लिहिताना हाच म्हणाला होता, तू पुढं हो, मी आहे मागं. आता तो इतका मागं गेला की दिसेनाच.

अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं. "असं आहे बाई. घरच्या माणसाला पगाराचा कायदा लागू होत नाही. या तुम्हाला मुलगी म्हणतायत. कागदावर तुम्ही नाही. साक्षीला कोणी नाही. मला हे प्रकरण इथंच बंद करावं लागेल. तुम्हाला काही सांगायचंय?"

भिंगरीनं आईंकडे बघितलं. आई तिच्याकडे अगदी मायेनं बघत होत्या. तेच तर वाईट होतं. त्यात लबाडी शोधूनही सापडत नव्हती. मागं ताप आला तेव्हा याच बाईनं रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. आणि महिनाअखेरीस तापाचे तीन दिवस पगारातून कापायलाही त्या विसरल्या नव्हत्या.

"आई, मी लेक आहे ना तुमची?"

"म्हणजे काय! पोटची नाहीस, एवढंच."

"मग दादा, माझा हिस्सा?" भिंगरी मालकाकडे वळली. "लेकीला वाटणी असतेच की. पगार राहू दे. टीपही ठेवा तुम्हालाच. अर्धं हॉटेल माझ्या नावावर करा. साहेब आहेतच समोर."

मालक आधी हसला. मग त्याला आईंचा चेहरा दिसला.

"जीभ बघा हिची!" आईंचा आवाज चढला. "अगं, खरकटी उचलायला ठेवलीय तुला! महिन्याच्या महिन्याला पैसे मोजलेत आम्ही, फुकट नाही राबवलं. आणि आता मालकीण व्हायला निघालीस?"

"आई, गप्प बस!" मालक ओरडला.

उशीर झाला होता. अधिकारी लिहीत होता. "खरकटी उचलायला... ठेवलीय," तो लिहिता लिहिता पुटपुटला. "महिन्याच्या महिन्याला... पैसे मोजलेत. बरं." त्यानं मान वर केली. "बाई, प्रकरण चालेल. आता तुमचा जबाब घेतो."

भिंगरीला हवं होतं ते मिळालं होतं. शेजारच्या टेबलावरची एक खुर्ची खाली उतरवून ती बसली. आई आता तिच्याकडे बघत नव्हत्या. पदरानं कपाळ टिपत होत्या, कुणी परक्यानं अंगावर पाणी सांडावं तशा.

"पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं सावकाश, अधिकाऱ्याला लिहून घेता येईल असं.

आई गल्ल्यावर वाकल्या आणि त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "कुणाचं नाव सांगतेय ही?"