हीटसिंकवरचं बोट

सडक अर्जुनीच्या दुकानात बाबा अ‍ॅम्प्लिफायर बनवत. ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवला की गाणं लावून तिथं बोट टेकवायचे. हीटसिंक तापला, तर ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर येते. गार राहिला, तर उष्णता आतच अडकून ट्रान्झिस्टर जळणार. त्या दुपारी त्यांनी तिसऱ्यांदा स्क्रू सोडले, मधली अभ्रकाची चकती पुसली, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. “अजून गारच! काऊन तापत नाही? पाय बरं, बीएस्सीवाली.” मी बोट ठेवलं, झटक्यात काढलं. “बाबा, चटका बसला!” “कायले मस्करी करून राहिली?” म्हणत त्यांनी पुन्हा बोट टेकवून तिथंच ठेवलं. मी प्लग ओढून त्यांचा हात उलटा केला. बोटांवर फोड होते. “बोटं बधिर झालीत तुमची. शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?” बाबांनी दुसरा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे सरकवला. “याले तू हात लावून पाय. मग दवाखान्यात जाऊ.”