एकोणपन्नासावी चौकट

सांगून कुणाला पटणार नाही, पण अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीचा कारभार सलग दीड वर्ष अशा एका माणसाने पाहिला, जो जन्मालाच आला नव्हता. आणि चोख पाहिला. त्याच्या कारकिर्दीत गच्चीवरची टाकी एकदाही भरून वाहिली नाही. लिफ्टनेसुद्धा म्हणे त्याच्या धाकाने दोन मजल्यांच्या मधे अडकायचं सोडून दिलं.

त्याला जन्माला घातलं तिसऱ्या मजल्यावरच्या वेबसाइटवालीने. इमारतीची वेबसाइट तिने शेजारधर्म म्हणून करून दिली होती. रहिवाशांच्या पानावर तिने चौकटी आखल्या. एका ओळीत सात, अशा सात ओळी. अठ्ठेचाळीस चौकटींत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं बसली आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी राहिली. पडलेल्या दाताच्या जागेसारखी. डिझायनरला एक वेळ झोप नसली तरी चालते, रिकामी चौकट चालत नाही. तिने तिथे फुकटात मिळणारा एका हसऱ्या गृहस्थाचा फोटो टाकला, खाली ‘श्री. नमुने’ असं लिहिलं, आणि उद्या काढू म्हणून ठेवून दिलं. तो उद्या काही उजाडला नाही.

वार्षिक सभेत सेक्रेटरी कोण होणार म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुणाची कंबर धरलेली, कुणाची नोकरी फिरतीची, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेले. अध्यक्ष मोबाइलवर ते पान उघडून एकेक नाव वाचत होते. शेवटच्या नावाला कुणी नाही म्हटलं नाही. नमुने बिनविरोध निवडून आले. जिन्याच्या या बाजूच्यांना वाटलं, ते त्या बाजूला राहत असणार. त्या बाजूच्यांना वाटलं, या. वेबसाइटवाली त्या वेळी एका कानात ईअरफोन घालून, निळा रंग ‘जरा आनंदी’ करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत घालत होती. टाळ्या ऐकून तिने कान मोकळा केला. खरं सांगायला तोंड उघडलंही. पण खरं सांगितलं तर जागा पुन्हा रिकामी होणार, आणि अध्यक्षांची नजर तिच्यावरच येऊन थांबली होती. तिने तोंड मिटलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

वेबसाइटवरून नमुन्यांना येणारी पत्रं अर्थातच तिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायची. उत्तरंही तीच द्यायची. सुरुवातीला दोन ओळींत. मग गंमत अशी झाली, की नमुने स्वभावाने तिच्याहून बरे निघाले. तिला कशाची म्हणून फुरसत नसे, नमुन्यांना असे. गळक्या नळाची चौकशी करता करता ते दुखऱ्या गुडघ्याचीही करत. तिच्या दहा फोनांना दाद न देणारा प्लंबर नमुन्यांच्या एका ईमेलवर हत्यारं घेऊन हजर व्हायचा. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य तर शपथेवर सांगू लागले, की नमुने काल लिफ्टमध्ये भेटले, फोटोपेक्षा जरा वाळलेत.

सगळ्यांत जास्त पत्रं मात्र तिच्या बाबांची. बाबा शेजारच्याच खोलीत. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली; कॉम्प्युटरवर टाइप करायला तिनेच शिकवलेलं. आधी पंपाच्या आवाजाची तक्रार आली. मग झोप लागत नसल्याची. मग, बायकोचं कपाट अजून उघडवत नाही, असं काहीबाही. ते वाचून ती अवघडून जायची. एवढं बाबा तिच्याशी कधी बोलले नव्हते. पण आलेल्या पत्राला उत्तर गेलं पाहिजे, ही कामाची शिस्त. नमुने त्यांना पंधरा-पंधरा ओळी लिहायचे. तेवढ्यात बाबा चहाचं विचारायला दारात आलेच, तर ती हेडफोन न काढता एक बोट वर करायची. एक मिनिट. बाबा मान हलवून परत जायचे.

दीड वर्षात ती पार पिळून निघाली. मानेला पट्टा आला, चष्म्याचा नंबर वाढला. तीन गिऱ्हाइकं, आणि वर नमुने. सकाळी डोळे उघडले की पहिली आठवण व्हायची ती नमुन्यांच्या कामांची. स्वतःची कामं मागून यायची. हा माणूस टळला तर रोजचे दोन तास तरी पाठ टेकता येईल. शेवटी एका रविवारी दुपारी तिने ठरवलं, बास. मारून टाकायला मन होईना, म्हणून त्यांना लांबच्या गावी लेकीकडे धाडायचं. निरोपाची सूचना लिहून तयार झाली. ती वेबसाइटवर लावण्याआधी थाप पचते का, हे घरातच पाहावं म्हणून ती चहाचे दोन कप घेऊन बाबांच्या खोलीत गेली.

बाबा खिडकीशी बसले होते. नमुने गेले, कायमचे, लेकीकडे राहायला, असं तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. तशी थाप आपोआप फुगत गेली. सकाळी टेम्पो आला होता. जिन्यात फ्रिज अडकला तेव्हा एक बाजू तिनेच धरली. निघताना म्हातारा चक्क रडला. सगळ्यांना नमस्कार सांगा म्हणाला, तुमच्या बाबांना खास.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चहावरची साय बोटाने बाजूला केली.

“किती वाजता आला टेम्पो?”

“दहाला, बाबा.”

“दहाला तो मला पत्र लिहीत होता. या भिंतीतून टकटक ऐकू येत होती.”

बाबांनी कप उचलला आणि खिडकीकडे तोंड केलं.

“त्याला कुठे पाठवू नकोस, बाळ. या घरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच आहे.”