बाबांचा ग्रुप

उन्हाळा लागला तसे बाबा दर रविवारी तलावावर पोहायला जाऊ लागले. निघताना आरशासमोर उभं राहून नीट सनस्क्रीन लावायचे. आई होती तेव्हा त्यांनी तोंडाला कधी पावडरही लावली नव्हती. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेकीच्या मनात पाल चुकचुकली.

"हे क्रीम कुणी सुचवलं, बाबा?"

"ग्रुपमधल्या एका बाईंनी. कातडी सोलून निघेल म्हणाल्या."

"फारच काळजी दिसते बाईंना."

"सगळेच घेतात गं एकमेकांची. नुसता दंगा असतो आमचा."

त्या दिवशी बाबा परतले, तेव्हा टॉवेल देण्याच्या निमित्ताने ती त्यांच्या खोलीत शिरली. ते पाठमोरे उभे राहून शर्ट काढत होते. मान, खांदे, कंबर व्यवस्थित होती. फक्त पाठीच्या मधोमध, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, तिथे तळव्याएवढी कातडी उन्हाने लालभडक भाजली होती. एवढ्या माणसांत तिथे क्रीम लावून देणारं कोणी नव्हतं.

"पुढच्या रविवारी मी येऊ तुमच्याबरोबर?" तिने विचारलं.

"ये की," बाबा लगेच म्हणाले. "नाहीतरी बाकीचे कोणी यायचे नाहीयेत."